माजघरातला वाकडा पट्टा

राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक रंगारी राहत होता. घरांच्या आतल्या भिंतींवर पट्टे ओढायचं त्याचं काम. पांढऱ्याशुभ्र चुन्यावर कमरेच्या उंचीला गेरूचा रुंद पट्टा आणि त्याच्यावर बोटभर निळी रेघ.

त्याचा पट्टा इतका सरळ असे, की दुसऱ्या गावचे लोक नुसता तो बघायला येत. रंगाऱ्यालाही त्याचा भारी अभिमान. कुणाकडे जेवायला बसला तरी त्याचं लक्ष ताटात कमी आणि भिंतीवर जास्त. गेरूत भिजवलेलं सूत ताणायचं, टिचकी मारून भिंतीवर खूण उमटवायची आणि त्या खुणेवरून कुंचला फिरवायचा. बायको लवकर गेली होती, म्हणून सुताचं दुसरं टोक लहानपणापासून त्याची एकुलती एक लेक धरायची.

त्या गावात एक रीत होती. लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीनं माहेरच्या माजघरात एक पट्टा ओढून जायचं, तोही सुताशिवाय, नुसत्या हातानं. म्हणजे लेक गेली तरी तिचा हात घरात राहतो, असं जुनी माणसं सांगत.

लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं. तिनं पट्टा ओढला. रंगारी कामावरून परतला आणि बघतो तर काय, अर्ध्या भिंतीपर्यंत नीट गेलेला पट्टा एका जागी वर उचललेला, मग पुन्हा खाली आलेला!

"अगं, हे काय केलंस? वऱ्हाड येईल, लोक काय म्हणतील? रंगाऱ्याच्याच घरात वाकडा पट्टा!"

लेक काहीतरी सांगणार होती. पण ऐकायला वेळ कुणाला होता? त्यानं भिंतीवरून पातं फिरवलं, मातीचं काहीतरी ठिसूळ खाली पडलं, ते केरात लोटलं. वर चुन्याचे दोन हात दिले आणि स्वतः सरळ पट्टा ओढला. लेक दारात उभी राहून बघत होती.

ती सासरी गेली आणि घर खायला उठलं. सणावाराला रंगारी निरोप धाडायचा. उलट निरोप यायचा, "यंदा जमत नाही." एक वर्ष, दोन वर्षं, बघता बघता सात वर्षं झाली. रोज संध्याकाळी तो माजघरात बसायचा आणि समोर दिसायचा तो त्याचाच पट्टा. तिचा हात घरात कुठेच नव्हता.

एक दिवस त्याला राहवलं नाही. तिच्यासारखा पट्टा आपणच ओढावा, म्हणून त्यानं कुंचला घेतला. पण हात वाकडा जाईल तर शपथ! दहा वेळा ओढला, दहाही वेळा सरळ. शेवटी त्यानं पातं घेतलं आणि वरचा चुना हलक्या हातानं खरवडायला सुरुवात केली. दुपार कलता कलता लेकीचा पट्टा दिसू लागला. तो जिथे वर उचलला होता, तिथे त्याच्या खाली मातीचं एक गोल कडं भिंतीला चिकटून राहिलं होतं, बोराएवढं. कुंभारमाशीच्या घराचं बूड होतं ते. ते घर मोडू नये, म्हणून लेकीनं पट्टा वळवला होता.

रंगारी लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून तो लेकीच्या घरी गेला. घर नीटनेटकं होतं, पण भिंती कोऱ्या होत्या.

"पट्टा नाही ओढलास गं?"

"माझा हात वाकडा आहे, बाबा."

"पोरी, तो पट्टा कुंभारमाशीसाठी वळवला होतास ना?"

लेक म्हणाली, "आज विचारताय होय? आत तिची पिल्लं होती. चार दिवसांत उडून गेली असती. मीही चार दिवसांनी जाणारच होते."

"चुकलं माझं. घरी चल. तुझा पट्टा ओढ, कसाही जाऊ दे."

बापाचे डोळे बघून ती त्याच्याबरोबर आली. त्यानं समोरची भिंत पांढरी करून ठेवली, खरवडलेली तेवढी तशीच राखली. गेरू कालवला आणि कुंचला तिच्या हातात दिला. ती भिंतीसमोर उभी राहिली. कुंचला टेकेना.

"बाबा, सूत द्या."

"सूत कशाला? हातानं ओढ की."

"नको. वाकडा जाईल."

दोघांनी दोन टोकं धरली. तिनं टिचकी मारली आणि खुणेवरून कुंचला फिरवला. शेजारणी बघायला आल्या. म्हणाल्या, "अगदी बापासारखा हात आहे हो!"

सगळ्या भिंतीवर कुठेही न वळलेला तो सरळ पट्टा रंगारी बघत राहिला. लेक घरी आली होती, शेजारीच उभी होती, आणि तरी त्याला तिची फार आठवण येत होती.

म्हणून कुणाचीही वाकडी रेघ पुसण्याआधी ती का वळली, हे विचारावं. पुसल्यावर विचारलं तर उत्तर मिळतं, रेघ मिळत नाही.