करवतीची ओढ

एकदा एका वृद्ध मिस्त्रींकडे त्यांचाच एक जुना शिष्य भर दुपारी घाबराघुबरा होऊन आला. केरबा त्याचं नाव. म्हणाला, "मिस्त्री, दादाचं यंत्र झपाटलंय. आई म्हणते, आजच्या आज भंगारात घाल."

दादा म्हणजे केरबाचा थोरला भाऊ, तीन महिन्यांपूर्वी वारलेला. दोघांचं शेवटी पटत नव्हतं. बोलणं बंद असतानाच दादा गेला. त्याच्यामागे उरलं ते बँडसॉचं, म्हणजे वर-खाली दोन चाकांवर फिरणाऱ्या पात्याच्या करवतीचं, लहानसं यंत्र. केरबानं फळी लावली, की पातं रेघ सोडून भलतीकडेच जाई. पातं नवं घातलं, तरी तेच. पलीकडून कुणी फळी ओढतंय असं वाटे, आणि पलीकडे तर कुणीच नसे. आता सांगा, भल्याभल्यांची पाचावर धारण बसेल की नाही?

पण केरबाचं खरं भय भुताचं नव्हतं. दादा रागातच गेला आणि अजूनही रागातच आहे, हा विचार त्याला जाळत होता.

मिस्त्री आले. फळी टेकवून सरकवायची लोखंडी पट्टीच त्यांनी सोडवून काढली. मग एका फळीवर पेन्सिलीनं सरळ रेघ मारली. "आता नुसत्या हातानं रेघेवरून काप. जबरदस्ती करू नकोस."

यंत्र घुमू लागलं. केरबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. फळी त्याच्या हातात हळूहळू वळत होती, कुणी मनगट धरून वळवावं तशी. आणि काप मात्र रेघेवरून तसूभर ढळत नव्हता!

"थांब. यंत्र बंद कर, फळी आहे तशीच धरून ठेव."

फळी चांगलीच तिरकी झाली होती. मिस्त्रींनी तिच्या कडेनं टेबलावर खूण केली आणि पट्टी त्या तिरक्या खुणेला लावून आवळली. तिच्या बोल्टाखाली रंग उडालेला एक जुना ठसा होता. बोल्ट नेमका त्यावर बसला.

केरबा पांढराफटक पडला. "ही अशीच होती, मिस्त्री. दादा गेल्यावर मीच गुण्या लावून काटकोनात आणली. म्हटलं, ह्याचं आपलं सगळंच वाकडं!"

"अरे वेड्या," मिस्त्री म्हणाले, "प्रत्येक करवतीला स्वतःची ओढ असते. ह्या यंत्राचं वरचं चाक किंचित कललेलं आहे, म्हणून पातं तिरकं चालतं. तुझ्या भावानं ती ओढ आधी पाहिली, मग पट्टी लावली. तू पट्टी आधी लावलीस आणि करवतीशी भांडत बसलास."

"म्हणजे दादा रागावलेला नाही?"

"ते मला कसं ठाऊक असणार, बाबा? तो होता, तेव्हा तू विचारायचं होतंस."

केरबानं दुसरी फळी लावली. काप सुतासारखा सरळ आला. हाताला कसलीच ओढ लागली नाही. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली ते गेलं होतं, आणि केरबाला उलट भरून आलं. आता पलीकडून काहीच येणार नव्हतं.

"दादा, चुकलं माझं," तो मोठ्यानं म्हणाला. मिस्त्रींनी हात पुढे करून यंत्र बंद केलं.

आपल्या माणसाची ओढ कुठे आहे, हे तो समोर असतानाच पाहून घ्यावं.