निळ्या हातांची विहीर

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, द्राक्षमळ्यांच्या वरच्या टेकडीवर, मोंतोरेल नावाचं गाव आहे. भोवती जुना तट, मध्ये चौक आणि चौकात दगडी कठड्याची खोल विहीर. सप्टेंबरातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी सारं गाव तिचं पाणी पितं, पण भांड्याने नाही. गावात सर्वांत शेवटी राहायला आलेल्या परक्या माणसाने ओंजळीने पाजायचं आणि गावाने प्यायचं, अशी रीत आहे.

त्या वर्षी हा परका माणूस म्हणजे अनंतराव हुपरीकर. वय पंचाहत्तर. उभा जन्म पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पाण्यातले रोगजंतू तपासण्यात गेलेला. पत्नी गेल्यावर मार्चमध्ये ते लेकीकडे, कल्याणीकडे, कायमचे राहायला आले होते. आता चौकात दीडशे माणसं जमली होती आणि अनंतराव आपल्या हातांकडे बघत उभे होते. सकाळपासून त्यांनी ते सात वेळा धुतले होते.

"कल्याणी, मला कालपासून खोकला आहे गं."

"बाबा, तो तुम्हाला माझ्या जन्माच्या आधीपासून आहे."

"निदान पाणी उकळून तरी..."

"मी आले त्या वर्षी मीच पाजलं होतं. कोणी मेलं नाही."

"उद्या एखादा आजारी पडला, तर नाव माझंच येईल."

कठड्यापाशी खुर्ची टाकून बसलेल्या ओदेतआजींना मराठी येत नव्हतं, पण आवाजातली भीती कळली असावी. "या, प्रोफेसर, बसा," त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या. अनंतरावांना ती भाषा येत होती. तरुणपणी त्यांनी लियोंला दोन वर्षं काढली होती. "नव्वद वर्षं मी हेच पाणी पितेय. आता मेले तर दोष पाण्याला देता यायचा नाही. पाजण्याआधी गोष्ट ऐकायची असते. ती सांगायचं काम गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं, म्हणजे दुर्दैवाने माझं."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

सहाशे वर्षांपूर्वी डोंगरापलीकडून, इटलीतल्या लोंबार्दीहून, जोव्हाना नावाची एक रंगारीण आपल्या लहान मुलीला घेऊन इथे आली. इथल्या झुडपांच्या पानांपासून निळा रंग निघतो. तो तयार करायला पानं पिंपात कुजवावी लागत आणि त्यांची दुर्गंधी सुटे. जोव्हानाचे हात कोपरापर्यंत निळे असत. घासले तरी जात नसत. गाव तिच्याकडून कापड रंगवून घेई, पण विहिरीवर तिच्याशेजारी कोणी उभं राहत नसे.

मग एका उन्हाळ्यात मुलं पोटाच्या दुखण्याने मरू लागली. अकरा मुलं गेली म्हणे. पाण्याला वास येत होता, पण लोक म्हणाले, हा तिच्या पिंपांचा वास. तिनेच हात बुडवून पाणी बाटवलं. सर्वांत मोठ्याने ओरडणारा होता गावचा मुख्य गिराल्द. लोक तिला चौकात घेऊन आले. "विष घातलं नाहीस ना? मग पी." ती प्यायली. पोहराभर पाणी ती सर्वांदेखत प्यायली, आणि चौथ्या दिवशी ती गेली. स्वतःच्याच विषाने मेली, असं गाव म्हणालं, आणि तिची पिंपं तटाबाहेर नेऊन उलटी केली.

वास मात्र गेला नाही.

तेव्हा एका माणसाला दोर बांधून विहिरीत उतरवलं. त्याने वर आणली ती सडलेली मेंढी, आणि तिच्या कानावर गिराल्दच्या कळपाची खूण होती. एक मेंढी कमी आहे हे गिराल्दला महिनाभर ठाऊक होतं, असं सांगतात.

तो जोव्हानाच्या मुलीपुढे गुडघ्यांवर बसला. म्हणाला, हेच पाणी मला तुझ्या हाताने पाज. मुलीने ओंजळ भरली आणि जमिनीवर सोडली. दुसरी भरली, तीही सोडली. तिसरी त्याच्या तोंडाशी धरली. तिचेही हात निळे होते.

"तो वाचला?" अनंतरावांनी विचारलं.

"आमच्या घरात वाचला असं सांगतात. त्या समोरच्या गल्लीत मेला असं सांगतात. त्यांना मुळात कोणाचं बरं झालेलं बघवत नाही."

"आणि मी पाजलंच नाही तर?"

आजींनी कठड्यावर हात ठेवला. "मग विहीर वर्षभर फळ्या ठोकून बंद. माझ्या आयुष्यात एकदा झालंय. पोलंडहून आलेली बाई होती. दोन ओंजळी सोडल्या, हात पुसले आणि घरी गेली. आम्ही तिच्याबद्दल काय काय बोललो होतो, ते तिला माहीत होतं."

अनंतराव उठले. समोर, गिराल्दच्या जागी, गावचे मेयर मस्यू दलमास, धिप्पाड माणूस, धापा टाकत दगडावर गुडघे टेकत होते. याच दलमासांनी जूनमध्ये कॅफेत मोठ्याने म्हटलं होतं की परक्यांनी गाव गिळलं. अनंतराव तेव्हा शेजारच्याच टेबलावर होते.

पोहरा वर आला. अनंतरावांनी पहिली ओंजळ सोडली. दुसरी सोडली. तिसरी भरली आणि ते थांबले. या पाण्यात काय काय असू शकतं, याची सारी यादी त्यांना पाठ होती. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं. त्यांनी खाली पाहिलं. दलमासांचं तोंड उघडं होतं, पण डोळे पाण्यावर नव्हते, अनंतरावांच्या चेहऱ्यावर होते. इतकी भीती अनंतरावांनी आजवर फक्त आरशात पाहिली होती.

त्यांनी हात खाली नेले.

दलमास प्यायले. उरलंसुरलं पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. "थंड आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि मागे दीडशे माणसांची रांग लागली.

आजही मोंतोरेलमध्ये तिसऱ्या ओंजळीआधी पाजणारा हवा तेवढा वेळ थांबू शकतो. त्याला कोणी घाई करत नाही, कोणी हसत नाही. गुडघे टेकलेल्या माणसाने मात्र डोळे मिटायचे नसतात.