सेनापतीच्या पायाला आलेल्या मुंग्या

पूर्वेच्या समुद्रात, जपानच्या असंख्य बेटांपैकी एका बेटावर, एक जुने राज्य होते. तेथला राजा पडद्यामागे बसून सभा ऐकत असे, बोलत नसे. राजाचा शब्द एकदा निघाला की फिरत नाही, म्हणून तो सहसा काढूच नये, असा तेथला रिवाज होता. कारभार प्रधान धरून पाच मंत्री पाहत. चटईवर मांडलेल्या पाच गाद्यांवर ते गुडघे मुडपून बसत. एक जरी गादी रिकामी राहिली, तरी सभा मोडे आणि प्रधानाला पद सोडावे लागे. यांतली एक गादी तलवारीची. तिच्यावर कोणी बसावे, हे फक्त सैन्य ठरवी. सैन्याला न विचारता कोणी युद्ध पुकारू नये, म्हणून पूर्वजांनी हा नियम केला होता. हेतू चांगला होता.

या गादीवर ओनिझुका नावाचा सेनापती बसे. माणूस सरळ. पहाटे देवळात जाई, सैनिकांच्या पंगतीला बसून जवाचा भात खाई. देवाने त्याला धैर्य दिले होते आणि चौकस बुद्धीही दिली होती.

एके दिवशी वृद्ध प्रधान तोमिओका सभेत सांगत होता की, सैन्याने शेजारच्या मुलुखात नदीपर्यंत जावे. नदी ओलांडू नये. भाषण लांबत गेले. सेनापतीच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. त्याने बराच वेळ सोसले, आणि मग पाय झटकावा म्हणून तो उठून उभा राहिला.

बाकीचे मंत्री दचकले. तोमिओकाचा चेहरा उतरला.

"सेनापती, बसा," तो म्हणाला. "नदीचे आपण पुन्हा पाहू."

ओनिझुका चकित झाला. घरी जाताना तो एकच गोष्ट मनात घोळवीत राहिला. आपण एक शब्द बोललो नाही, तलवारीला हात लावला नाही. मग हे भ्याले कशाला? दारापाशी पोहोचला तेव्हा त्याला उमगले. ते त्याला भ्याले नव्हते. रिकाम्या गादीला भ्याले होते. हे खरेच असे आहे का, ते पाहावे म्हणून पुढच्या सभेत तो पुन्हा उठला. या वेळी पाय ठणठणीत होता. सैन्याला नदी ओलांडण्याची परवानगी मिळाली.

कुतूहल तेथे संपले आणि चटक लागली. सैन्याने नदी ओलांडली, मग डोंगर ओलांडले. मंत्री आपसात म्हणत, मुंग्या सेनापतीच्या पायाला येतात आणि कापरे आपल्याला भरते. त्याच्यासमोर मात्र सगळे माना डोलावीत. शेवटी समुद्रापलीकडच्या युद्धाला तोमिओकाने नकार दिला, तेव्हा सेनापती उठला आणि सरळ बाहेर निघून गेला. सभा मोडली. प्रधानकीसाठी ज्याचे ज्याचे नाव निघाले, त्याला सैन्याने तलवारीच्या गादीसाठी माणूस देण्याचे नाकारले. अखेर प्रधानाची गादी ओनिझुकाकडेच आली. तलवारीच्या गादीवर सैन्याने त्याचा शिष्य मिबू याला बसवले.

पायउतार झालेला तोमिओका जाताना थांबला. "माझ्या जागेवरून समोरची ती गादी कशी दिसते," तो म्हणाला, "हे आता तुम्हाला कळेल."

ओनिझुका हसला. म्हाताऱ्याच्या बोलण्याचा अर्थ त्याने शोधला नाही.

युद्ध पेटले. आधी जय मिळाला, पुढे जहाजे बुडू लागली. दक्षिणेच्या एका बेटावर मोठी फौज अडकली. तिच्यात ओनिझुकाचा धाकटा भाऊ सेइजी होता. तेथे धान्य पोहोचेना. सैनिक मुळ्या खणून खात होते. हे प्रधानाला ठाऊक होते. तह करावा आणि ती माणसे जिवंत घरी आणावी, असे त्याने ठरवले. सभेपूर्वी त्याने मिबूला बोलावून तसे सांगितले.

मिबूने कमरेत वाकून नमस्कार केला. "आपण मला वडिलांच्या जागी आहात," तो म्हणाला. "पण तहाचा शब्द निघाला, तर मला उठावे लागेल."

"मिबू, हे तू मला सांगतोस?"

"शिकलो कोणाच्या पायापाशी, गुरुजी?"

सभा भरली. ओनिझुका समोरच्या गादीकडे पाहत बसला. इतकी वर्षे तो तिच्यावर बसला होता. समोरून ती त्याने कधी पाहिली नव्हती. मिबूचा तळहात गुडघ्यावर होता, उठण्याआधी ठेवतात तसा.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. राजा बोलत होता. मंत्र्यांनी कपाळे चटईला टेकली.

"दक्षिणेच्या बेटावरचे आपले लोक काय खातात?"

प्रश्न साधा होता. ओनिझुकाने खरे सांगितले असते, तर राजाने तहाची आज्ञा केली असती, आणि राजाची आज्ञा कोणतीही गादी मोडू शकत नव्हती. त्याची प्रधानकी गेली असती. मिबूने आणि साऱ्या सैन्याने त्याला भित्रा म्हटले असते. सेइजी घरी आला असता.

"महाराज," तो म्हणाला, "सैन्याची हिंमत अभंग आहे."

"मी जेवणाचे विचारले."

शत्रूच्या बाणांसमोर ज्याची पापणी हलली नव्हती, त्याने मान खाली घातली. राजाने बराच वेळ वाट पाहिली. पडद्यामागून पुन्हा शब्द निघाला नाही.

तह पुढल्या वर्षी झाला. तो शत्रूने लिहिला. या राज्याने फक्त सही केली. दक्षिणेच्या बेटावरून एक होडी परत आली. तिच्यात फौजेतला एकही माणूस नव्हता. सेइजीचे शिरस्त्राण होते. ते बाहेरून काजळले होते आणि आत तळाशी उकडलेल्या गवताचा थर चिकटला होता.

ओनिझुका ते शिरस्त्राण घेऊन देवळात गेला आणि देवासमोर गुडघे मुडपून बसला. दुपार टळली तरी तो हलेना. पुजाऱ्याला दया आली.

"उठा आता. पायाला मुंग्या येतील."

"येऊ देत," ओनिझुका म्हणाला. "आता मी उठलो काय आणि बसलो काय."

तात्पर्य: ज्या धाकाने आपण दुसऱ्याचे तोंड बंद करतो, तोच धाक एके दिवशी आपले तोंड बंद करतो. देवाने धैर्य दिले आहे ते केवळ मरण्यासाठी नव्हे; विचारल्यावर खरे सांगण्यासाठीही दिले आहे.