निरोप आत नेण्याची रीत

“द्यायचं की नाही द्यायचं, एवढंच सांगा ना, माय.”

श्रीरंग दाभाडेने पुन्हा तेच विचारलं. गिरणा नदीकाठच्या एका लहानशा मठात, तो मठ सांभाळणारी भागामाय मेथी निवडत बसली होती.

श्रीरंग एका ऑनलाइन कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. लाखो लोक तिथे एकमेकांशी मनातलं बोलत. त्यांच्यापैकी कुणाची माहिती पोलिसांनी मागितली, की द्यायची का नाही ते हा ठरवी. त्यासाठीचे नियम त्यानेच केलेले, आणि त्यांचा त्याला तोराही मोठा. पण या खेपेला गडी पुरता अडकला होता.

“एक बाई घरातून निघून गेलीय. सासरच्यांनी बेपत्ता म्हणून तक्रार दिली. ती कुठे आहे, ते पोलिसांना आमच्याकडून हवंय. कोर्टाचा हुकूम नाही, पण जिवाला धोका असू शकतो, असं लिहिलंय. मला देता येतं, नाकारताही येतं.”

“मग?”

“मारहाणीला कंटाळून पळाली असेल, तर मीच तिला परत त्या घरात ढकलेन. आणि खरंच संकटात असेल, तर...”

उद्या उत्तर द्यायचं होतं, आणि त्याला भीती वाटत होती.

मायने पुढची जुडी ओढली. काड्या बाजूला पडत राहिल्या.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. हवालदार होता. तो दुसऱ्याच एका बाईच्या शोधात आला होता.

“शेवंता नावाची बाई इथं आलीय का, माय?”

माय उठली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

“निरोप काय तो सांगा.”

आत कोण आहे, हे दारात सांगायचं नाही, अशी मठाची रीत. निरोप मात्र आलेल्या प्रत्येकाचा आत न्यायचा. ज्याच्यासाठी निरोप, ते माणूस आत नसलं तरी न्यायचा.

हवालदार वैतागला. “सुखरूप आहे का, एवढं ठाण्यात कळव म्हणावं. हा माझा नंबर.”

माय आत गेली. श्रीरंगने मान लांब करून पाहिलं. त्याला पडद्यापलीकडे काही दिसलं नाही. माय बाहेर आली.

“निरोप नेला.”

हवालदार पुटपुटत निघाला. बांधापर्यंत पोचला नाही, तोच त्याचा फोन वाजला. त्याने गाडी थांबवली, बराच वेळ ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले. मग मागे न पाहता निघून गेला.

“म्हणजे ती आत होती!”

“मी निरोप नेला,” माय पुन्हा मेथीपाशी बसली.

“पण माय, आमच्या नियमांत हे कुठेच नाही. आमच्याकडे देणं आणि नाकारणं, दोनच.”

“हं...”

“मग मी उद्या काय करू?”

मायने हात थांबवले.

“पोलिसांनी तुला विचारलं. तू मला विचारतोस... तिला कोण विचारणार, लेका?”