अळीची मेथी आणि कावेरीचं दुपटं

एक होती अळी. इवलीशी, हिरवीगार. ती राहायची मेथीच्या जुडीत.

आईने बाजारातून ती जुडी आणली. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली. गाठ मारली. फ्रिजमध्ये ठेवली. घाई आईची, घाम मेथीला! आणि अळी? ती पडली ओट्यावर. टुप्!

अळीचं घर गेलं. आत मेथी रडू लागली. बाहेर अळी रडू लागली.

अळी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

"फ्रिजदादा, फ्रिजदादा, माझी मेथी जप ना!"

"प्लॅस्टिकमध्ये घाम येतो. घामाने पानं कुजतात. कापडी पिशवी आण, मग जपतो." घूंऽऽ.

लुटुलुटु लुटुलुटु.

"फ्रिज मेथी जपेना, मेथीचं रडं थांबेना. आई, आई, पिशवी शिव ना!"

"अगं बाई, शिवते की! पण मऊ सुती कापड कुठंय? ते आण, मग शिवते."

लुटुलुटु लुटुलुटु.

आईची लेक कावेरी. तिच्या मुठीत होतं दुपटं. ती तान्ही होती, तेव्हा त्यात गुंडाळायचे तिला. मऊ मऊ, दुधाच्या वासाचं.

"आई पिशवी शिवेना, फ्रिज मेथी जपेना, मेथीचं रडं थांबेना. दुपट्या, दुपट्या, चल ना!"

"मी कावेरीचं. तिने सोडलं, तर येईन."

"दुपटं काही येईना, आई पिशवी शिवेना, फ्रिज मेथी जपेना, मेथीचं रडं थांबेना. कावेरीताई, कावेरीताई, दुपटं सोड ना!"

"नाही! मग मी काय धरून झोपू?"

अळीलाही झोपायला पान नव्हतं. ती कावेरीच्या अंगठ्यावर बसली आणि रडली. मुसमुस मुसमुस. कावेरीही रडली. मुसमुस मुसमुस.

"मेथी एकटीच आहे आत?"

"हो. अंधारात."

"मग तिला गुंडाळायला हवं."

कावेरीने दुपट्याचा वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. आणि मूठ उघडली.

कावेरीने दुपटं सोडलं. दुपटं आईकडे गेलं. आईने पिशवी शिवली, खडखड खडखड. मेथीचा घाम पुसला, तिला पिशवीत निजवलं. फ्रिजने मेथी जपली. घूंऽऽ. मेथीचं रडं थांबलं. काही पानं काळी पडली होती, ती मात्र गेलीच.

आईने पेल्यात पाणी घेतलं. त्यात मेथीची एक काडी ठेवली. अळीला घर मिळालं.

कावेरीची मूठ रिकामीच. झोपताना तिने आईची ओढणी धरली. पण ते दुपटं नव्हतं. ती खूप रडली. मग झोपली.

सकाळी उठली, फ्रिजकडे गेली. मेथी हिरवीगार! तिने पिशवीचा वास घेतला. दुधाचा वास गेला होता. आता मेथीचा वास होता.

"आई, दुपटं मोठं झालं?"

"हो गं राणी. कामाला लागलं."

कावेरीने पिशवी थोपटली. थोप थोप, थोप थोप. आणि हळूच दार लावलं.

मेथी पिशवीत, अळी पेल्यात, आणि तू माझ्या मांडीत.