तेल्याचा बैल

“पण स्वामी, त्या बैलाच्या गोष्टीतून मुलांनी शिकायचं तरी काय?”

भार्गव सकाळपासून हेच विचारत होता.

निरामयस्वामींच्या मठाच्या डोंगरपट्टीत शाळा होत्या, आणि तिसरीचं नवं वाचनपुस्तक ठरत होतं. एकाच धड्याची जागा उरली होती. तिथे भार्गवने आपला ‘उद्योगमहिमा’ मनातल्या मनात छापूनही टाकला होता. निवडला गेला मात्र दामोदरचा ‘तेल्याचा बैल’. हा दामोदर मठात त्याच्या मागून आलेला, व्याकरणही भार्गवकडूनच शिकलेला. तेव्हापासून भार्गवला अन्न गोड लागत नव्हतं.

मठाची रीत साधी होती. लेखकाचं नाव न सांगता धडा वर्गात एकदा वाचायचा. मग आठवडाभर त्याचा विषय काढायचा नाही. नंतर मुलांना विचारायचं, काय आठवतंय? जो आठवेल तो पुस्तकात.

भार्गवचं म्हणणं, मुलांना काय, काहीही आठवतं. निवड जाणत्यांनी करावी. या धड्याची भाषा गावंढळ, बोध तर औषधालाही नाही.

स्वामी शेंगा सोलत होते.

“मला नीट आठवत नाही ती गोष्ट. सांग बघू.”

भार्गवने नाक मुरडत सुरुवात केली. तेल्याने आपला बैल एका शेतकऱ्याला विकला. औताला जुंपला की तो चार पावलं टाकायचा आणि थांबायचा. तेल विकत फिरणाऱ्या तेल्याबरोबर जन्मभर दारोदार थांबलेलं जनावर ते. मारलं तरी हलेना. शेवटी शेतकऱ्याच्या लेकीच्या ध्यानात आलं. ती बांधावर गेली, आणि बैल थांबला की…

इथे भार्गव उठलाच. कमरेवर हात ठेवून त्याने पोरीच्या आवाजात हाळी दिली.

“आज तेल नको हो, म्होरं जावा!”

आणि बैल कसा मुकाट पुढे निघाला, हे तो चालून दाखवू लागला. हसतही होता.

मग त्याला भान आलं.

“आता तुझा धडा सांग,” स्वामी म्हणाले.

“उद्योग हा… मनुष्यमात्राचा…”

भार्गव खाली बसला.

“मला त्याचा हेवा वाटतो, स्वामी. दोष काढायला म्हणून मी तो धडा वाचत राहिलो. रोज वाचला. मी काय करू?”

स्वामींनी शेंगदाण्यांची मूठ त्याच्या हातावर ठेवली.

“उद्यापासून तिसरीला हा धडा तू शिकव. दामोदरला इतका चांगला येत नाही.”