गुलाबावर डोळा

एका गावात एक बाई होती, तिचं नाव अनसूया. अनसूया म्हणजे जिला कुणाचा मत्सर वाटत नाही ती. आता बारशाला नाव ठेवणाऱ्या आत्याला काय ठाऊक, पोर पुढे कशी निघेल ते! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातलीच गत.

तशी बाई वाईट नव्हती हो. दारी आलेल्याला ताक दिल्याशिवाय पाठवायची नाही. जीभ तेवढी तिखट. नवरा मात्र गरीब गाय. तो गप्प बसायचा, म्हणून संसार सुखाचा चालला होता.

अनसूयेच्या अंगणात, दारासमोरच, एक गावठी गुलाब होता. लग्न होऊन ती सासरी निघाली तेव्हा आईने माहेरच्या परसातल्या गुलाबाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या ओटीत घातली होती. फूल फिकट गुलाबी आणि लहानसं. सकाळी उमलायचं आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या गाळून मोकळं व्हायचं. पण वास! संध्याकाळी अंगणात सडा घातला की तो वास दोन घरं ओलांडून जायचा. पुढे आई गेली. भावाने घर विकलं आणि त्या परसात नव्या मालकाने गुरांचा गोठा बांधला. माहेर म्हणून अनसूयेकडे उरलं होतं ते हे एवढं झाड.

चैत्र आला की बायका चैत्रागौरीच्या हळदीकुंकवासाठी तिच्याचकडे फुलं मागायला यायच्या. गावात दुसरा गुलाब होता कुठे? अनसूया त्यांना जरा तिष्ठत ठेवायची, मग तोऱ्यात दोन-दोन फुलं द्यायची. एखादीने काडी मागितली की मात्र तिचं तोंड वाकडं व्हायचं.

"फूल हवं तर न्या, काडी मागू नका. माझ्या आईची आहे ती," असं ती ठणकावून सांगायची.

असं सगळं छान चाललं होतं. मग शेजारच्या बंद घरात द्वारका राहायला आली. हसतमुख बाई, कुणाशीही पटकन बोलणारी. तिने येताना एक कलमी गुलाब आणला आणि दोन घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे लावला. बुडाशी उसाचं पाचट अंथरलं, रोज पहाटे उन्हाआधी पाणी घातलं, तांदळाचं धुवण घातलं, दुपारी गोणपाटाची सावली केली. आणि ऐन चैत्राच्या उन्हात, माणसं घामाने हैराण झालेली असताना, त्या झाडाला लालभडक फुलं लागली. एकेक फूल वाटीएवढं!

पहिल्यांदा ते पाहिलं अनसूयेच्या नवऱ्याने. "अगं, बघ तरी! काय फुललाय गुलाब द्वारकाबाईंचा!"

"मग जा तिकडेच जेवायला," अनसूया म्हणाली. नवऱ्याला काही कळलं नाही. त्याने निमूटपणे पुढची भाकरी घेतली.

त्या वर्षी चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला अनसूया पाटलिणीकडे गेली आणि दारातच थबकली. जमलेल्या झाडून साऱ्या बायकांच्या अंबाड्यात लाल गुलाब! गौरीपुढेही लाल गुलाबांचीच रास. अनसूयेने पदराखाली आणलेली गुलाबी फुलं पदराखालीच राहिली. तेवढ्यात द्वारका पुढे आली आणि, "अनसूयाताई, तुमच्यासाठी मुद्दाम मोठ्ठं राखून ठेवलं होतं हं," म्हणत तिने एक फूल अनसूयेच्या अंबाड्यात खोचून दिलं.

"बाई बाई, कसं शोभतंय!" सगळ्या म्हणाल्या.

अनसूया हसली, पण आतून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कैरीची डाळ तिला गोड लागेना आणि पन्हं घशाखाली उतरेना. कालची आलेली ही बाई, आणि सारं गाव हिच्या मागे? घरी येताच तिने ते फूल ओरबाडून काढलं आणि चुलीत टाकलं.

तेव्हापासून अनसूयेला दुसरं काही सुचेना. भाजी निवडायची तर भिंतीकडे तोंड करून आणि धान्य पाखडायचं तरी भिंतीकडे तोंड करून. आज तिकडे किती कळ्या आल्या, किती उमलल्या, याचा हिशेब तिला तोंडपाठ असायचा. झाडाला कीड लागावी म्हणून तिने मनातल्या मनात देवाला साकडंसुद्धा घातलं. देवाने लक्ष दिलं नाही.

बरं, एवढं आवडलं होतं तर मागायचं की! द्वारका काय नाही म्हणणार होती? पण मागायचं म्हणजे त्या झाडाला चांगलं म्हणायचं, आणि ते अनसूयेच्या जिभेवर येईना.

एका दुपारी सगळ्या बायका पाटलिणीच्या ओसरीवर पापड लाटायला जमल्या होत्या. द्वारकाही होती. लाटणी सुरू झाली, गप्पा रंगल्या, आणि अनसूया कपाळ धरून उठली. "डोकं चढलंय बाई माझं उन्हाने. जाते मी."

रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. घरी येऊन तिने विळा घेतला आणि ती भिंत ओलांडून पलीकडे उतरली. कुठली फांदी न्यावी? वरच्या फांद्या बारीक होत्या आणि उन्हाने थोड्या मलूल दिसत होत्या. झाडाच्या अगदी बुडातून मात्र एक फांदी सरळ वर गेली होती, अंगठ्याएवढी जाड, हिरवीगार, नुसती तरारलेली. मारावा तर हत्ती नि लुटावा तर खजिना! अनसूयेने तीच कापली. काट्यांनी मनगट रक्ताळलं, तरी तिला त्याची शुद्ध नव्हती.

फांदी तिने घरामागे, गोवऱ्यांच्या उडव्याआड लावली. तिथे कुणाची नजर जाणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर द्वारका म्हणाली, "ताई, ऐकलंत का? माझ्या गुलाबाची फांदी कुणीतरी कापून नेली."

चोराच्या मनात चांदणं. अनसूयेच्या हातातला पोहरा सुटता सुटता राहिला. "अगंबाई! मग?"

"मग काय? ज्याने नेली त्याचं भलं होवो," द्वारका हसत म्हणाली आणि घागर कमरेवर घेऊन चालू लागली.

बघा! हिला दुःखसुद्धा होत नाही! अनसूया घरी येईपर्यंत धुमसत होती. एवढा माज? थांब म्हणावं, माझ्या दारी याहून मोठी फुलं लागू देत, मग बघते तुझं हसू.

आणि नवल म्हणजे फांदी कापल्यावर द्वारकेचा गुलाब जास्तच फुलला. जिथे चार फुलं यायची तिथे आठ यायला लागली. अनसूयेला वाटलं, आपल्याला खिजवायलाच हे झाड फुलतंय.

इकडे चोरलेली फांदीही जोमात होती. आठवड्याभरात तिला फूट आली, बघता बघता ती गुडघ्याएवढी झाली, मग कमरेएवढी. रोज सकाळी उठल्यावर अनसूया आधी घरामागे पळायची. पानं उलटून बघायची, कळी धरली का? नाही. उद्या धरेल. खत कमी पडत असेल. पाणी कमी पडत असेल.

वैशाखात विहिरीने तळ गाठला. पिण्यापुरतं पाणी मिळालं तरी नशीब, अशी वेळ आली. झाडांना घालायला उरायचं ते भाज्या-तांदूळ धुतलेलं जेमतेम बादलीभर. आधी अनसूया ते दोघांत वाटायची, अर्धं दारातल्या गुलाबाला आणि अर्धं घरामागच्या फांदीला. पण फांदीला कळी येईना. मग तिने दारातल्याचं थोडं कमी केलं. मग आणखी थोडं. शेवटी सगळी बादली घरामागेच जाऊ लागली.

"अगं, पुढचा गुलाब मान टाकतोय," एकदा नवरा म्हणाला.

"जुनं झाड आहे. इतके उन्हाळे काढलेत त्याने, हाही काढेल."

"पण तुझ्या आईची..."

"माहीत आहे मला कुणाची आहे ते!" अनसूया खेकसली. नवरा गप्प झाला. या वेळी त्याने गप्प बसायला नको होतं, पण सवय वाईट.

पुढच्या दाराने जाताना अनसूया त्या झाडाकडे बघायचं टाळू लागली. चुकून नजर गेलीच तर पावलं भरभर उचलायची. मग ती स्वतःची समजूत घालायची, एकदा लाल फुलं लागू देत, मग याचंही बघू.

ज्येष्ठ लागला. एके सकाळी द्वारका दारात उभी. हातात ओल्या मातीने भरलेली करवंटी, आणि चेहऱ्यावर थोडा संकोच.

"ताई, एक मागायला आले. नाही म्हणालात तरी राग नाही."

"काय?"

"तुमच्या गावठी गुलाबाची एक काडी द्याल? मृग लागला की लावीन म्हणते." द्वारका घाईघाईने पुढे म्हणाली, "खरं सांगू का? माझी लाल फुलं दिसायला देखणी, पण वास म्हणाल तर नावाला नाही. मी इथे आले त्या संध्याकाळी तुमच्या गुलाबाचा वास भिंतीवरून आला आणि मला रडूच आलं. फार हेवा वाटायचा हो तुमचा. मग म्हटलं, हेवा करत कुढायचं कशाला? जाऊन मागावं. फार तर नाही म्हणतील."

द्वारका झाडाकडे वळली आणि जागीच थांबली. पानं केव्हाच गळून गेली होती. तिने एक फांदी नखाने खरवडली. आत तपकिरी. खालची खरवडली, तीही तपकिरी. गुडघ्यावर बसून तिने मातीपाशी खोड खरवडून पाहिलं. तिथेही ओल नव्हती.

"ताई, हे तर गेलं," ती हळूच म्हणाली.

अनसूयेने ऐकलं आणि तिचं डोकंच फिरलं. तिने द्वारकेचा हात धरला आणि तिला ओढत घरामागे नेलं. लाज, चोरी, काही काही आठवलं नाही तिला. "आणि हा? याला जिवापाड जपलं मी! सगळं पाणी याला घातलं! याला का नाही येत फूल?"

पुरुषभर वाढलेल्या त्या काटेरी झाडाकडे द्वारका बघत राहिली. मग सगळं तिच्या लक्षात आलं. तिला हसू आलं होतं, पण अनसूयेचा चेहरा बघून ते विरून गेलं.

"याला फूल कसं येणार, ताई? हा कलमाखालचा रानफुटवा. गुलाबाचं कलम जंगली खुंटावर बांधलेलं असतं. त्या खुंटाला खालून असा फुटवा येतो. वाढतो भराभर, सगळा रस पितो, आणि वरचं कलम उपाशी ठेवतो. मी कापून उकिरड्यावर टाकणारच होते. कुणीतरी आधीच नेला, म्हणून तर म्हटलं, त्याचं भलं होवो."

अनसूयेने एक काटेरी फांदी हातात धरून वरपासून खालपर्यंत पाहिली.

"अहो, फांदी नेऊन लाल गुलाब होत नाही. त्याचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, काढून खुंटावर भरावा लागतो. एका शब्दाने बोलला असतात तर मीच येऊन भरून दिला असता की!"

डोळा! उन्हाळाभर त्या झाडावर डोळा ठेवून बसलेल्या बाईला नेमका डोळाच मागायचं सुचलं नव्हतं.

मग अनसूयेला एकदम काहीतरी आठवलं. तिने द्वारकेचा पदर घट्ट धरला. "माझ्या आईच्या गुलाबाचा डोळा भरता येईल याच्यावर?"

"येईल की. एक जरी हिरवा डोळा मिळाला तरी पुरे."

दोघी धावत पुढे गेल्या. एकेक फांदी, एकेक पेर त्यांनी तपासलं. अनसूयेची बोटं काट्यांनी फाटली. नवराही येऊन शोधू लागला. पण हिरवा डोळा एकही सापडला नाही. आणि गावात दुसऱ्या कुणाच्या दारी ते झाड असेल म्हणावं, तर काडी मागणाऱ्या प्रत्येकीला अनसूयेनेच परत पाठवलं होतं. त्या दिवशी आई दुसऱ्यांदा गेल्यासारखी ती रडली. द्वारका तिच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिली. चोरीचा शब्दही तिने काढला नाही.

थंडीत द्वारकेने आपल्या गुलाबाचा डोळा आणून त्या रानखुंटावर भरून दिला. खुंट दणकट होता. पुढच्या चैत्रात अनसूयेच्या घरामागे अशी फुलं लागली, की द्वारकेच्या फुलांहून ती बोटभर मोठीच भरावीत. चैत्रागौरीला बायकांची रीघ लागली. "अनसूयाबाई, तुमच्यासारखा गुलाब पंचक्रोशीत नाही हो!"

हेच ऐकायला तर ती आसुसली होती. तिने सगळ्यांना फुलं दिली, मागेल तिला डोळाही देईन म्हणून सांगितलं. बायका गेल्यावर तिने एक टपोरं फूल दोन्ही हातांत धरलं आणि नाकाशी नेलं. पुन्हा एकदा नेलं, डोळे मिटून.

नवरा दारातून बघत होता. "येतो का गं वास?" त्याने विचारलं.

"रंग छान आहे," अनसूया म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या झाडावर डोळा ठेवला, की आपल्या झाडाचं पाणी तुटतं. आवडलेलं तोंडाने मागावं. मागून फार तर नकार मिळतो, पण जळत राहिलं तर जवळचं असतं तेही जातं.